बेल्त्रामेच्या पोथीतली कोरी जागा

आमचे हे हट्टी आहेत, हे मला लग्नाच्या आठवड्यातच कळलं होतं. पण त्या सकाळी व्हिचेन्झाच्या चर्चमध्ये ह्यांनी जे केलं त्याला हट्ट म्हणायचं की आणखी काही, ते मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. रोज ठरवते आणि रोज मोडते. तेव्हा जे झालं ते सांगते, तुम्हीच काय ते ठरवा.

तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतलं तेव्हा आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी निघालो. मी एव्दोकिया, आणि हे निकिफोरोस, तिथल्या मोठ्या शाळेतले ग्रीकचे मास्तर. इटलीत आलो आणि बघते तर काय, इथे जो तो ग्रीकसाठी वेडा झालेला. ज्या भाषेत आम्ही मासळीवालीशी भांडायचो ती शिकायला सरदारांची पोरं दारात उभी राहायची. जुन्या ग्रीक पोथीचं एखादं पान हाती लागलं तर हे लोक त्याचे मुके घ्यायचे. मला हसू यायचं, पण पोटाला मिळत होतं, म्हणून गप्प बसायचे.

मग ह्यांचे डोळे गेले. एकदम नाही, हळूहळू. आधी दिव्याभोवती कडं दिसायला लागलं, मग माणसांचे चेहरे पुसले गेले, आणि शेवटी फक्त उजेड आणि अंधार एवढंच उरलं. दोन गावांनी आम्हाला निरोप दिला. "मास्तर विद्वान आहेत हो, पण आंधळ्याकडून पोथ्यांच्या नकला कशा करून घ्यायच्या?" बरोबरच होतं त्यांचं. ग्रीक मास्तराने नुसतं शिकवून भागत नाही, गावासाठी पोथ्या उतरवून द्याव्या लागतात.

तेवढ्यात व्हिचेन्झाच्या नगरसभेने ग्रीकचा मास्तर नेमायचं काढलं. अट तीच, डोळे धड हवेत. ही जागा गेली तर पुढे गाव उरलं नव्हतं. व्हेनिसला ग्रीक चर्चच्या पायरीवर आमच्याकडच्या भल्या घरची म्हातारी माणसं हात पसरून बसलेली मी पाहिली होती. त्यांच्यातल्या एकीला मी ओळखतही होते. मी ठरवलं, ह्यांना दिसत नाही हे ह्या गावाला कळू द्यायचं नाही.

आणि ते जमण्यासारखं होतं. परीक्षेची रीत अशी, की परीक्षक मिटलेल्या पोथीत सुरी खुपसतो, जिथे गेली तिथे पोथी उघडतो, पहिले शब्द स्वतः मोठ्याने म्हणतो आणि पोथी वाचायच्या लाकडी घोडीवर ठेवून देतो. तिथून पुढे उमेदवाराने वाचायचं. आता आमच्या ह्यांना लहानपणी मास्तरांनी छडीच्या धाकाने आख्खेच्या आख्खे कवी पाठ करायला लावलेले. पहिले दोन शब्द कानावर पडले की पुढचं घडाघडा. डोळे हवेत कशाला!

सकाळी दाढी विंचरताना मी ह्यांना पुन्हा सगळं सांगितलं.

"अहो, मान हलवायची. डावीकडून उजवीकडे, सावकाश. परवासारखी पेंगल्यासारखी नको."

"बरं."

"आणि एका सुरात म्हणत सुटू नका. वाचणारा माणूस मध्ये अडखळतो, श्वास घेतो. एक पान झालं असं वाटलं की मी खोकेन, मग तोंड उजव्या पानाकडे वळवा."

"आणि तुला खरंच खोकला आला तर?"

"तर मी मरेन पण खोकणार नाही. चेष्टा सुचतेय तुम्हाला!"

"एव्दोकिया," हे म्हणाले, "भीती तुला वाटतेय का मला?"

"दोघांनाही वाटायला हवी," मी म्हटलं आणि दाढीचा गुंता जरा जोरातच ओढला.

चर्च भरलं होतं. गावाला काय, तमाशाच. दाढीवाला ग्रीक बघायला पोरंटोरंसुद्धा आलेली, मागून कोणीतरी बोकडासारखं ओरडलंही. मी ह्यांना हात धरून आत आणलं, पण असं की बघणाऱ्याला वाटावं मीच ह्यांच्या आधाराने चालतेय. घोडीपाशी सोडलं, कानात सांगितलं, "समोर हातभर अंतरावर," आणि बायकांच्या जाळीमागे जाऊन उभी राहिले. जाळीतून घोडी दिसत होती, पण पोथीचं पान काही दिसत नव्हतं.

परीक्षक होते डॉन फाउस्तीनो, तिथले म्हातारे पाद्री. ग्रीक येणारा गावात त्यांच्याखेरीज एकच माणूस, मेस्सेर, म्हणजे आपलं श्रीयुत, बेल्त्रामे, आणि तोच दुसरा उमेदवार. उंच, सडपातळ, कपड्यांचा शौकीन. ग्रीक पुस्तकातून शिकलेला, त्यामुळे बोलायचा असा की आमच्याकडची गाढवंसुद्धा हसली असती. पण मेहनती होता, ते नाकारत नाही. त्याला मठातल्या पोथीतून वाचायला दिलं, त्याने नीट वाचलं. आमच्या ह्यांच्यासाठी बेल्त्रामेचीच पोथी आणली होती, कारण मठातली सोडली तर गावात दुसरी नव्हती. जुन्या ग्रीक नाटकांची पोथी. ती बघून मला हायसं वाटलं. नाटकं तर ह्यांच्या जिभेवरच होती.

डॉन फाउस्तीनोंनी सुरी घातली. पोथ्यांचं एक असतं, ज्या पानावर मालक रोज जातो तिथे त्या आपोआप फाकतात. सुरी सरकली ती नेमकी तिथेच गेली. बेल्त्रामे वाकून बघायला लागला आणि त्याचा चेहरा उजळला. मला ते आवडलं नाही.

"उजेड पुरतोय ना, मास्तर? मेणबत्ती सरकवू का जवळ?" डॉन फाउस्तीनोंनी विचारलं.

"पुरतोय, पाद्रीबाबा," हे म्हणाले.

पाद्रीबाबांनी पहिले शब्द म्हटले. पडलेल्या नगराच्या वेशीवर दूत बायकांना अडवतो, तिथला प्रवेश. ह्यांच्या खांद्यांवरून मला कळलं की सापडलं. मान डावीकडून उजवीकडे फिरली, मधे श्वास घेतला, एका शब्दावर मुद्दाम अडखळले. मी म्हटलं, वा रे माझ्या राजा! आवाज तर काय, आमच्या गावची हवा होती त्या आवाजात. बोकडासारखं ओरडणारं पोरही तोंड उघडं टाकून ऐकत होतं.

दूत एकेका बाईला विचारतो, तू काय घेऊन निघालीस. कोणी दागिने सांगते, कोणी तान्हं मूल. मग शेवटी एका म्हाताऱ्या बाईला विचारतो, "आणि तू गं? तुझे हात तर रिकामे. घर सोडताना तू काय केलंस?"

हे पुढे म्हणत गेले. ती म्हातारी सांगते:

"चूल विझवली. पाणी मारलं, राख लोटली, ठिणगी उरली नाही ना ते हाताने चाचपून पाहिलं. बाहेर सगळं नगर पेटलं होतं, आणि मी, घराला आग लागू नये म्हणून, चूल विझवत बसले होते. मग उठले, आणि दार ओढून घेतलं."

मी ह्या ओळी पूर्वी ऐकल्या नव्हत्या. मला माझं घर आठवलं. एक पान झालं असावं असं वाटून मी खोकले. हे उजवीकडे वळले आणि पुढे म्हणायला लागले.

"थांबा," बेल्त्रामे म्हणाला.

हे थांबले. बेल्त्रामे घोडीपाशी आला, पोथीकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं. त्याचा रंग पार उडाला होता.

"मास्तर, ते पुन्हा वाचा. चुलीचं."

ह्यांना वाटलं, आवडलं असेल. त्यांनी पुन्हा मान फिरवत, सावकाश, सगळं म्हटलं. तेच, तसंच.

"बोट ठेवा," बेल्त्रामे म्हणाला. "कुठे लिहिलंय तिथे बोट ठेवून दाखवा."

ह्यांनी हात पुढे केला, डाव्या पानावर अंदाजाने बोट टेकवलं. पाद्रीबाबा वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"मास्तर," ते हळू आवाजात म्हणाले, "तिथे काही लिहिलेलं नाही. तिथे जागा कोरी आहे."

तेव्हा उलगडा झाला. ह्या नाटकाच्या इटलीतल्या सगळ्या पोथ्या एकाच पोथीवरून उतरवलेल्या, जिचं ते पान समुद्राच्या पाण्याने धुऊन गेलं होतं. नकला उतरवणाऱ्यांनी प्रामाणिकपणे तेवढी जागा कोरी सोडली. दूत विचारतो, पुढे कोरं, आणि मग अर्ध्या ओळीपासून शब्द सुरू, "आणि दार ओढून घेतलं." म्हातारीने काय उत्तर दिलं ते इकडच्या एकाही माणसाला ठाऊक नव्हतं. विद्वानांनी आपापली उत्तरं रचून पाहिली होती. बेल्त्रामेने सुद्धा, देवांच्या मूर्ती, नवऱ्याची तलवार, मूठभर माती असलं भारदस्त काहीतरी, आणि त्याचं गावोगाव कौतुक झालं होतं. कोऱ्या जागेत ते लिहायचं धाडस मात्र त्याने केलं नव्हतं, वेगळ्या कागदावर ठेवलं होतं. आणि आमच्या ह्यांना ह्यातलं काही म्हणता काही माहीत नाही! ह्यांनी ती पोथी इथे डोळ्यांनी बघितलीच नव्हती. ह्यांच्या डोक्यातली पोथी धड होती, समोरची अपुरी.

बेल्त्रामे आता ओरडेल, लबाडी पकडली म्हणेल, असं मला वाटलं. तो हसला. मनापासून हसला.

"मास्तर, मानलं तुम्हाला! अहो, सांगायचं तरी की तुम्हीही ही जागा भरून पाहिलीय म्हणून. किती सफाईने मध्ये सरकवलंत! आणि ती अर्धी ओळ, ती माझ्याकडून कधी नीट जुळलीच नाही. तुम्ही चपखल बसवलीत." मग पाद्रीबाबांकडे वळून म्हणाला, "मी हरलो, बाबा. हे माझ्यापेक्षा सरस आहे. चूल! नाटकात चूल आणायची मला अक्कल झाली नसती."

डॉन फाउस्तीनोंचा चेहराही खुलला. "म्हणजे ह्या ओळी तुमच्याच ना, मास्तर? तसं सभेपुढे सांगा, म्हणजे मी नोंदवतो आणि नेमणूक जाहीर करतो. असं रचता येणारा मास्तर आम्हाला आणखी कुठे मिळायचा?"

देवा, इतकं सोपं! एक शब्द. 'हो' म्हटलं की घर, चूल, हिवाळ्यात लाकूड, आणि ह्यांच्या डोळ्यांबद्दल कोणी ब्र काढणार नाही. मी जाळीत बोटं अडकवून उभी होते. हो म्हणा, मी पुटपुटत होते, हो म्हणा, माझ्या बापा, एकदाच हो म्हणा.

हे दाढीतून हात फिरवत होते. असा हात फिरायला लागला की पुढे काय येतं ते मला माहीत होतं आणि मला रडू यायला लागलं.

"कोरी आहे जागा?" ह्यांनी विचारलं. "सगळ्या पोथ्यांत?"

"सगळ्या," बेल्त्रामे म्हणाला. "इकडच्या एकूण एक."

"तिकडची जळाली," हे म्हणाले. "माझ्या मास्तरांच्या घरात होती. मास्तरांसकट जळाली." मग मान वर करून, भलत्याच दिशेला तोंड करून, ते बोलले. "मी ह्या ओळी रचल्या नाहीत, पाद्रीबाबा. कवीच्या आहेत. तिथे कोरं आहे हे मला कळलंच नाही. मला दिसत नाही."

चर्चमध्ये कुजबुज उठली. बेल्त्रामेचं हसू मावळलं.

"आता हे काय नवीन?" तो म्हणाला. "मास्तर, रचना चांगली आहे, ती चांगलीच राहील. तिला कवीच्या नावावर खपवायला आंधळ्याचं सोंग कशाला? लोक असं करतात, मला माहीत आहे, पण तुम्ही करू नका."

"सोंग मी आतापर्यंत केलं," हे म्हणाले. "दिसतं असं सोंग."

डॉन फाउस्तीनोंनी पोथीत खुपसलेली ती सुरी उचलली. हे बेल्त्रामेकडे तोंड करून सांगत होते, मास्तर कसे पाठ करून घ्यायचे, कुठली ओळ चुकली की छडी कुठे बसायची, आणि पाद्रीबाबांनी सुरीचं टोक बाजूने आवाज न करता ह्यांच्या डोळ्याशी आणलं. अगदी पापणीशी. ह्यांची पापणी लवली नाही. हे आपले बोलतच होते.

"अहो!" मी किंचाळले.

आणि हे माझ्या आवाजाकडे वळले. नेमके त्या पात्याकडेच! पाद्रीबाबांनी हात मागे ओढला तोवर भुवईला टोक लागून रक्ताचा थेंब आला होता. सुरी फरशीवर पडली.

"काय टोचलं?" ह्यांनी विचारलं.

बेल्त्रामे खाली घोडीच्या पायरीवर बसला, एवढे चांगले कपडे धुळीत घालून.

"खरंय," तो म्हणाला. "बाबा, ह्याला ही जागा माहीत असती तर हा तिथे थांबला असता. 'इथे कोरं आहे' एवढं म्हणाला असता, आणि आपण ह्याला डोळस समजून बसलो असतो. ज्याला माहीत नाही तोच असा सरळ पुढे जाईल." मग तो स्वतःशीच पुटपुटला, "चूल. मी तलवार घातली आणि कवीने चूल लिहिली होती."

डॉन फाउस्तीनोंनी नगरसभेच्या लोकांकडे पाहिलं. त्यांच्यातल्या एकाने मान हलवली, नकाराची. "नियम आहे, मास्तर," पाद्रीबाबा म्हणाले, "तो माझ्या हातात नाही. जागा मेस्सेर बेल्त्रामेंना जाते." बोलताना ते ह्यांच्याकडे बघू शकले नाहीत. ह्यांना काय, कळणार नव्हतंच ते, पण मला दिसलं.

"बरोबर आहे," हे म्हणाले.

बरोबर! मला वाटलं जाळी उखडावी आणि ह्यांच्या डोक्यात घालावी. कोण कुठला मेलेला कवी, हजारो वर्षांपूर्वी माती झालेला, त्याच्या चार ओळींसाठी माझ्या डोक्यावरचं छप्पर दिलं ह्या माणसाने! माझं काय होईल असा विचार तरी आला का मनात? आला असेल. येऊनही दिलं असेल, तर ते आणखी वाईट.

बेल्त्रामे उठला. त्याने पाद्रीबाबांच्या मेजावरून शाई आणि लेखणी आणली, पोथीवर वाकला. "मास्तर," तो म्हणाला, आणि आता त्याच्या बोलण्यातला तोरा पार गेला होता, "सांगता? सावकाश सांगा. मी लिहून घेतो."

ह्यांनी सांगितलं. लेखणीची कुरकुर सगळ्या चर्चमध्ये ऐकू येत होती. कोरी जागा पुरली, थोडी उरलीसुद्धा.

"झालं," बेल्त्रामे म्हणाला.

"माझी बायको वाचून दाखवील," हे म्हणाले. "तुमच्यावर अविश्वास नाही, मेस्सेर. पण पडताळल्याशिवाय पोथी मिटायची आमच्यात पद्धत नाही. एव्दोकिया, ये गं."

मी जाणारच नव्हते. पण सगळं गाव वळून बघायला लागलं, आणि ह्यांनी हवेत हात धरला होता, रिकामा. मी जाळीचं दार ढकललं आणि आले. बायका त्या बाजूला येत नाहीत, पण कोणी अडवलं नाही. जवळ गेल्यावर आधी बाहीने भुवईवरचं रक्त पुसलं, नको तेवढं जोरात.

"रागावलीस?" ह्यांनी विचारलं.

"गप्प बसा. वाचू द्या."

शाई ओली होती. बेल्त्रामेचं अक्षर चांगलं होतं. मी वाचायला लागले, चिडक्या आवाजात, कधी संपतंय म्हणून. चूल विझवली. पाणी मारलं, राख लोटली. ठिणगी उरली नाही ना ते हाताने चाचपून पाहिलं. बाहेर सगळं नगर पेटलं होतं. इथे माझा आवाज बसायला लागला. घराला आग लागू नये म्हणून, मी वाचलं, चूल विझवत बसले होते. मग उठले. इथे बेल्त्रामेची शाई संपली आणि जुनी, तपकिरी शाई सुरू झाली. पुढचे शब्द पहिल्यापासून तिथेच होते, साऱ्या इटलीला पाठ होते. ते माझ्याच्याने म्हणवेनात.

"आणि दार ओढून घेतलं," हे म्हणाले. मी ह्यांचा हात धरला, आता लपवायचं काही नव्हतं, आणि सगळ्या गावादेखत ह्यांना पायरी सांगत, खांब सांगत, बाहेर घेऊन आले.